पुढे न जाणारी शाल

महाराष्ट्रात शाल थंडीपेक्षा कर्तृत्वासाठी जास्त वापरली जाते. मे महिना, विदर्भ, पत्र्याचा मंडप, एकुलता एक पंखा निवेदकाकडे तोंड करून बसलेला, अशा परिस्थितीत कुणीतरी कुणाच्या तरी खांद्यावर शाल घालतो आणि टाळ्या पडतात. ही शाल फोटो निघेपर्यंत अंगावर राहते. मग सत्कारमूर्ती ती उतरवून मांडीवर घेतात, आणि घरी पोचेपर्यंत ती आपल्या पारदर्शक पिशवीत परत गेलेली असते. शाल जपून ठेवणे समजू शकते, पण पिशवी कशाला जपायची? तर पिशवी फाटली की शाल वापरलेली ठरते आणि वापरलेली शाल पुढे देता येत नाही. निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल गणेशोत्सवात प्रमुख पाहुण्यांना जाते, पाहुण्यांकडून व्याख्यानमालेच्या वक्त्यांना, वक्त्यांकडून व्याह्यांना. गीतेतला आत्मा जुनी वस्त्रे टाकून नवी धारण करतो. इथे वस्त्रच जुना धनी टाकून नवा धारण करते. अमरत्वाच्या बाबतीतही ते आत्म्याच्या फारसे मागे नाही. कसर लागते ती लोकरीला आणि रेशमाला. सत्काराच्या बहुतेक शालींत यांपैकी काहीच नसते. असतो तो ॲक्रिलिक नाहीतर पॉलिस्टरचा धागा, आणि त्याला कसरसुद्धा तोंड लावत नाही. या सगळ्या व्यवहारात सोबतचा नारळ तेवढा प्रामाणिक. तो फार दिवस टिकत नाही, म्हणून ज्याला मिळतो तोच त्याची चटणी करतो.

व्यासपीठावर शाल जे करते ते घराघरांत ब्लाउजपीस करतो. ओटी भरताना, बारशाला, डोहाळजेवणाला, नवरात्रात सवाष्ण जेवायला बोलावली की तो येतो आणि कपाटातल्या एका ठरलेल्या गठ्ठ्यात जाऊन पडतो. या गठ्ठ्याचे दोन भाग असतात, एक शिवायचा आणि एक द्यायचा. शिवायच्या भागात क्वचित काही असते. द्यायचा भाग मात्र वर्षानुवर्षे फुगत जातो. त्यातले तुकडे कोणत्याही साडीवर जात नाहीत. ते जाऊ नयेत याची काळजी रंगवणाऱ्यानेच घेतलेली असावी अशी शंका येते. गृहिणीचे कौशल्य एकाच गोष्टीत लागते, की जिच्याकडून आला तिच्याच ओटीत तो परत पडता कामा नये. हिशेबी घरांत म्हणून घडीत चिठ्ठी ठेवतात. चिठ्ठी काढायची राहिली तर पुढे काय होते ते सांगायला नको.

मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्कीने १९२२ साली न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या ट्रोब्रियंड बेटांविषयी एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिथले लोक होड्या घालून, समुद्र अंगावर घेऊन, बेटाबेटांवर एकमेकांना भेटी द्यायला जात. तांबड्या शिंपल्यांच्या माळा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत, पांढऱ्या शंखांची कडी उलट दिशेने. मिळालेली वस्तू फार काळ अडवून ठेवणे वाईट समजत. काही दिवस मिरवायची, मग पुढे द्यायची. युरोपातल्या वाचकांना याचे फार नवल वाटले. आपल्याला वाटायचे कारण नाही. आपल्याकडे शाल एका दिशेने फिरते आणि ब्लाउजपीस दुसऱ्या. फरक आहे तो एवढाच, की त्या बेटांवर नामांकित माळेला स्वतःचे नाव असे, ती कोणाकोणाच्या गळ्यातून आली हे लोक अभिमानाने सांगत, आणि ती ज्याच्याकडे राहून गेली त्याची कीर्ती वाढे. आपल्या शालीचा इतिहास बाहेर आला तर कीर्ती कमी होते.

तेव्हा माझे म्हणणे असे, की भेटवस्तूची किंमत पाहू नये, वेष्टन पाहू नये, ती पुढे सरकवता येते की नाही एवढेच पाहावे. ज्या वस्तूला दुसरा धनी मिळू शकत नाही ती खरी भेट. बाकी सगळा टपाल खात्याचा कारभार. आणि कापडाच्या भेटींत या कसोटीला पुरी उतरणारी वस्तू म्हणजे घरातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांची, घरी शिवलेली साधी शाल. भेट पळून जाईल ही धास्ती आपल्या वाडवडिलांनाही होती, याचा पुरावा स्वयंपाकघराच्या मांडणीवर आहे. लग्नात द्यायच्या तांब्यावर, डब्यावर, कळशीवर नाव घालून घ्यायची पद्धत होती. भांड्यांच्या दुकानात नाव घालणारा माणूस विजेची कर्रकर्र करणारी पेन्सिल घेऊन बसलेला असे आणि आपण कागदावर मजकूर लिहून द्यायचा. यामागे प्रेम होते हे मान्य. पण नुसत्या प्रेमाला देणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि ‘कडून सप्रेम भेट’ एवढा तपशील लागत नाही. तो लागतो सातबाऱ्याला. नाव घातलेला डबा पुढच्या लग्नात देता येत नाही, हाच त्या कोरण्याचा खरा उपयोग. कापडावर असे कोरता येत नाही. तुकड्यांची शाल ते काम न कोरता करते. तिच्यात मावशीच्या साडीचा काठ असतो, भाच्याच्या गणवेशाची चौकट असते, आणि मधोमध दिवाणखान्याच्या पडद्याचा उरलेला तुकडा असतो. पडदा अजून खिडकीला लटकतो आहे. अशी शाल कोणी तिसऱ्याला दिली तर तो तिसरा कधीतरी चहाला येईल आणि पडदा बघेल.

शिवणकामात शाल ही सर्वांत सोपी गोष्ट आहे, हे आधीच सांगितले पाहिजे, कारण लोक शिवणकामाला भितात ते बाही आणि गळ्यामुळे. शालीला बाही नाही, गळा नाही, माप चुकायला अंगच नाही. बावीस सेंटिमीटरांचे चौकोन कापावेत. चारी बाजूंनी एकेक सेंटिमीटर शिवणीत गेला की वीस उरतात. असे पाच चौकोन आडवे आणि दहा उभे जोडले की एक मीटर रुंद, दोन मीटर लांब शाल झाली. पन्नास तुकडे, चाळीस आखूड शिवणी, नऊ लांब शिवणी, आणि शेवटी चौफेर दुमड. एवढाही उत्साह नसेल तर तो ब्लाउजपीसचा गठ्ठा काढावा. बाजारात तो साधारण ८० सेंटिमीटरांचा मिळतो आणि कापडाचा पन्हा मीटरच्या आसपास असतो. तीन ब्लाउजपीस लांबीने एकापुढे एक जोडले की दुमड धरूनसुद्धा सव्वादोन मीटरांच्या वर शाल होते, आणि शिवणी किती, तर दोन. अनेक वर्षे तीन घरांत फिरणारे तीन तुकडे असे एका जागी अडकवता येतात. कापड मात्र एका जातीचे घ्यावे. सुती कापड पहिल्या पाण्यात आटते, पॉलिस्टर आटत नाही. ही दोन शेजारी शिवली तर पहिल्या धुण्यानंतर शाल तळलेल्या पापडासारखी वाकते. टीशर्टचे ताणणारे होजिअरी कापड तर या कामात घेऊच नये. उलट्या बाजूच्या शिवणी दुमडून त्यांवर टीप मारली की दोरे निघत नाहीत. हाताने केलेल्या वस्तूत थोडा वाकडेपणा असावा, त्यात जिव्हाळा असतो, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. वाकडी शिवण मी समजू शकतो. पण जी शिवण पहिल्या आठवड्यात उसवते तिच्यात जिव्हाळा नसतो, आळस असतो.

आता पहिला आक्षेप, आणि तो बहुधा घरातूनच येतो: चिंध्या शिवून दिल्या असे लोक म्हणतील. म्हणू देत. मराठी माणसाच्या मनात कापडाची सर्वांत मोठी भेट कोणती असे विचारले तर उत्तर शाल येणार नाही, शालूही येणार नाही. उत्तर येईल चिंधी. श्रीकृष्णाचे बोट कापले, सख्ख्या बहिणीला शालू-पैठणी फाडवेना, आणि मानलेल्या बहिणीने अंगावरचा भरजरी पीतांबर फाडून पट्टी बांधली, ही कथा आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या ‘श्यामची आई’ चित्रपटातल्या गाण्यामुळे घराघरांत पोचली. पुढे भरसभेत त्या चिंधीची जी फेड झाली तिचा हिशेब मांडला, तर कापडाच्या धंद्यात इतका नफा आजवर कोणी मिळवलेला नाही. विनयपिटकात असे आहे, की बुद्धाने मगधातली बांधांनी आखलेली भातखाचरे पाहिली आणि भिक्षूंची चीवरे तशी तुकडे जोडून शिवता येतील का असे आपल्या शिष्याला, आनंदाला, विचारले. आनंदाने ती शिवली, आणि आजही चीवर जोडांचेच असते. आपल्याकडे गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत ते त्यांच्या अंगावरच्या ठिगळांमुळे. आज अमरावतीचे विद्यापीठ त्यांच्या नावाने चालते; आणि विद्यापीठ म्हटले की दीक्षान्त समारंभ आला, प्रमुख पाहुणे आले आणि शालही आली.

तरी कोणी म्हणेल की ही साधुसंतांची उदाहरणे झाली, प्रतिष्ठित माणसाने अंगावर काय घ्यायचे? प्रतिष्ठित माणसाने काश्मिरी शाल घ्यावी आणि ती नीट उलटून पाहावी. विल्यम मूरक्रॉफ्ट हा इंग्रज १८२२-२३ साली काश्मिरात होता. शाली कशा होतात याची त्याने बारकाईने टिपणे केली. भरगच्च नक्षीची एक शाल एकाच मागावर विणायची तर दीड-दीड वर्ष जाई, म्हणून तिचे भाग वेगवेगळ्या मागांवर विणत आणि मग रफूगर ते अशा सफाईने जोडत की शिवण दिसू नये. पेशवाईत शालजोडी मिळणे म्हणजे सन्मान, युरोपात राण्यांच्या खांद्यावर हीच शाल, आणि हिच्या पोटात जोड. म्हणजे तुकडे जोडण्यात कमीपणा कधीच नव्हता, तुकडे दिसण्यात होता. रफूगराने शिवण लपवली म्हणून ती शाल झाली. आपण लपवली नाही तर तिला ठिगळ म्हणतात. मला हा भेदभाव पटत नाही, आणि बाजारालाही तो आता पटेनासा झाला आहे. शहरांतल्या उंची दुकानांत ‘पॅचवर्क’ नावाने तुकड्यांचे कपडे मिळतात आणि त्यांच्या किमती ऐकल्यावर अंगावर शाल घ्यावीशी वाटते. त्यांतल्या कित्येकांसाठी कोरे अखंड कापड आणून आधी त्याचे तुकडे करतात. म्हणजे घरात चिंध्या नसलेल्या लोकांनाही चिंध्यांची सोय आहे.

गोधडीची आठवण इथे निघणारच. कुठे गोधडी, कुठे वाकळ, नाव काही असो, जुनी लुगडी एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवण्याची कला आपल्याकडे घरोघर होती. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजात तिला कवंद म्हणतात. या लोकांच्या पूर्वजांतले बरेच पोर्तुगीजांच्या गोव्यातून गुलामगिरी तोडून पळालेले. कवंद कोपऱ्यापासून शिवत कडेकडेने मध्याकडे नेतात आणि चारी कोपऱ्यांना कापडाची फुले लावतात. फुलांशिवाय कवंद उघडे वाटते, असे त्या बायका म्हणतात. पण गोधडी माझ्या कसोटीला पुरती उतरत नाही, हा आक्षेप खरा आहे. आजीच्या मऊ लुगड्याचे दुपटे पहिल्या नातवाकडून दुसऱ्याकडे, तिथून पुतण्याच्या मुलीकडे जातेच की. जाते, पण धुतले जाऊन, ओले होऊन, विरून जाते. सत्काराची शाल पुढे जाते ती तिचा कोणी उपयोग केला नाही म्हणून, आणि दुपटे जाते ते सगळ्यांनी केला म्हणून. घरातल्या घरात झिजत फिरणाऱ्या वस्तूला मी फिरती म्हणत नाही. फिरत्या शालीला पर्यावरणाचे कारण देणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. एका शालीत आठ सत्कार उरकले म्हणून कापड वाचले, हा युक्तिवाद ऐकायला चांगला आहे. पण त्या आठ जणांपैकी थंडी एकाचीही गेली नाही.

अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप जरा अवघड आहे. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन प्राध्यापकाने १९९३ साली नाताळच्या भेटींचा हिशेब केला, तेव्हा घेणाऱ्याच्या लेखी भेटीची किंमत देणाऱ्याने मोजलेल्या पैशांपेक्षा एक दशांश ते एक तृतीयांश कमी भरते असे त्याला दिसले. निष्कर्ष उघड आहे, रोख द्यावी. हा निष्कर्ष मराठी माणसाने अभ्यास न करताच काढला होता. वर एक रुपया चिकटवलेले पाकीट हा त्याचा पुरावा. पण रोख रक्कम ही जगातली सर्वांत जास्त पुढे जाणारी वस्तू आहे. तिचा जन्मच त्यासाठी. पाकीट घेणाऱ्याच्या घरात तुमचे नाव राहते ते फक्त आहेराच्या वहीत, आणि तेही तुमच्याकडचे कार्य निघेपर्यंत. त्यातही वॉल्डफोगेलच्या हिशेबातली तूट विकतच्या वस्तूंची आहे. ज्या शालीवर पैसेच मोजले नाहीत तिची एक तृतीयांश किंमत कमी करून बघावी, उत्तर शून्यच येते. दुसरा पक्ष पुस्तकवाल्यांचा. कर्नाटक सरकारने २०२१ साली सरकारी कार्यक्रमांत हार, गुच्छ, शाली बंद करून त्याऐवजी पुस्तके द्यावीत असे परिपत्रक काढले, आणि ‘बुके नको, बुक द्या’ आपल्याकडेही म्हणतात. विचार उत्तम. पण रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात कोणतेही पुस्तक उघडावे, पहिल्या पानावर लेखकाची सही आणि कुणालातरी सप्रेम नमस्कार असतो. पुस्तक पुढे जाते, सहीसकट जाते, आणि कधीकधी लेखकालाच परत विकत मिळते.

वेळ कोणाकडे आहे, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर थोडे रागाचे आहे. दिवाळीच्या आदल्या शनिवारी पुण्यात लक्ष्मी रस्त्याच्या आसपास गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात तीन ब्लाउजपीसची शाल शिवून, इस्त्री करून, घडी घालून होते. पन्नास चौकोनांच्या शालीला नवशिक्या हाताला दोन-तीन दुपारी लागतील, हे मान्य. ज्यांना शिवताच येत नाही त्यांनी गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून घ्यावी. तुकडे निवडणे, रंग लावणे, कोणाच्या शेजारी कोण हे ठरवणे एवढे स्वतः केले तरी शाल पुढे जात नाही, कारण अडकवणारी गोष्ट टाका नाही, तुकडा आहे. आणि शिंप्याला वाजवी मजुरी द्यावी. चिंध्यांचे काम म्हणून घासाघीस करू नये, अखंड कापडापेक्षा यात शिलाई जास्त असते.

उरला तो शेवटचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. पुढे देता न येणारी वस्तू म्हणजे घेणाऱ्याच्या गळ्यात पडलेली वस्तू. बिचाऱ्याला ती आवडली नाही तर? फेकता येत नाही, देता येत नाही, आणि तुम्ही घरी गेलात की ती कुठे आहे असे तुमचे डोळे शोधणार. बरोबर आहे. तो भारच आहे, आणि मी तो कमी करून सांगणार नाही. म्हणूनच ही शाल सगळ्यांना द्यायची नाही. ज्याच्यावर असा भार टाकायचा आपला हक्क आहे आणि ज्याचा असाच भार आपण मुकाट्याने सोसला असता, अशाच माणसाला ती द्यायची. प्रत्येकाने आपल्या ओळखीच्यांची यादी काढून पाहावी. अशी नावे हाताच्या बोटांवर भरतील आणि अंगठा बहुधा मोकळा राहील. बाकीच्यांना पाकीट द्यावे. त्यात अपमान नाही, उलट स्पष्टपणा आहे. मंडळे, संस्था, बँका आणि वाचनालये यांनी तर शाल द्यायचे बंदच करावे. कोणत्याही कार्यकारिणीचे कोणत्याही प्रमुख पाहुण्यावर एवढे प्रेम नसते, आणि असावे अशी पाहुण्यांचीही अपेक्षा नसते. त्यांना वेळेवर सोडावे आणि चहा गरम द्यावा.

ज्यांना ही शाल करून पाहायची आहे त्यांनी थंडीची वाट पाहू नये. दिवाळीची आवराआवर निघेल तेव्हा द्यायच्या गठ्ठ्यातून तीन सुती ब्लाउजपीस काढून घ्यावेत, चिठ्ठ्या काढून टाकाव्यात, आणि शिवायच्या आधी प्रत्येक तुकडा वेगळ्या बादलीत भिजवावा. लाल रंग हमखास जातो.